कात्री ज्याची, चूक त्याची

दंड टाळण्यासाठी माणसं काय काय करतात, हे त्या पडद्यांच्या कारखान्याने भरपूर पाहिलं होतं. कुणी मुलाबाळांच्या शपथा घेतल्या, कुणी कापडालाच दोष दिला. एकाने तर आपल्याला नीट दिसत नसल्याचं सांगून मालकांकडून नवा चष्मा पदरात पाडून घेतला. दंड मागून घेणारं माणूस मात्र तिथे एकदाच उभं राहिलं. ती ताई. आणि तिने तो नुसता मागितला नाही, भांडून घेतला.

कारखान्यात तिला दुसऱ्या नावाने कुणी हाक मारत नाही. मालकसुद्धा नाहीत. बाकी सगळ्यांना ते अरेतुरे करतात, तिला मात्र ‘अहो ताई’. आदराला खर्च येत नाही, आणि जिथे खर्च येत नाही तिथे मालकांचा हात कधी आखडलेला नाही.

कारखाना म्हणजे एका अरुंद रस्त्यावरच्या इमारतीचा पहिला मजला. खाली टायरचं दुकान असल्याने जिन्यात रबराचा वास आणि वर कोऱ्या कापडाचा. पुढच्या खोलीत शिलाईची मशिनं, मागच्या खोलीत इस्त्री आणि या दोन्हींच्या मध्ये कटिंगचं टेबल. ते इतकं लांब आहे की आत आणताना खिडकी चौकटीसकट काढावी लागली होती. सभागृहं, हॉटेलं, दवाखाने यांचे पडदे या टेबलावर कापले जातात. टेबलामागच्या भिंतीवर खिळे आहेत. प्रत्येक कटरचा एक खिळा आणि खिळ्यावर त्याची कात्री. दुसऱ्याच्या कात्रीला हात लावायचा नाही, कारण पातं हाताच्या वळणाने झिजतं. दुसरा नियम मालकांच्या वडिलांनी घालून दिलेला: कात्री ज्याची, चूक त्याची. कापड वाया गेलं तर त्याची अर्धी किंमत कटरच्या पगारातून कापली जाते. शिलाईवाल्यांना हा नियम नाही. शिवण उसवता येते. कापलेलं उसवता येत नाही.

ताई इथे मदतनीस म्हणून आली. कापड धरायचं, थर सारखे करायचे, कातरण गोळा करायची. मुख्य कटर होते म्हातारे मास्तर. त्यांची नजर अधू होत गेली तसे ते आधी तिच्या डोळ्यांनी कापू लागले आणि नंतर तिच्या हातांनी. तिने मापाच्या टेपचं टोक चुकीच्या जागी धरलं की तोच टेप बोटांवर बसायचा. ते निवृत्त झाले तेव्हा त्यांची कात्री खिळ्यावरच राहिली. मालक म्हणाले, “अहो ताई, नवा माणूस मिळेपर्यंत तात्पुरतं तुम्ही बघा.” हे तात्पुरतं इतकं टिकलं की तेवढ्या काळात तिच्या लेकीची शाळा संपून नर्सिंगचं शिक्षणही सुरू झालं. ताई मास्तरांच्या कात्रीने कापत राहिली आणि पगार मात्र मदतनिसाचा घेत राहिली. आपण दोघांचं काम एकटी करतो, हे तिला माहीत होतं. दुसऱ्याला त्याच कामाचं काय मिळतं हे माहीत नव्हतं, कारण तिथे दुसरा नव्हता.

मग लंबू आला.

लंबू वाईट नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. उंच, मान किंचित पुढे काढून चालणारा, हसताना स्वतःच दचकणारा माणूस. तो दुसऱ्या कारखान्यातून शिकून आला होता. सुती कापडावर त्याचा हात चांगला, मखमलीवर जरा बिचकता. भिंतीत त्याच्यासाठी नवा खिळा पहिल्याच दिवशी ठोकला गेला. ताई त्याला शिकवायची, तो तिला ‘ताई, तुम्ही’ म्हणायचा आणि तिच्या डब्यातलं खायचा. पगाराबद्दल आपसात बोलायचं नाही, अशी मालकांची ताकीद होती. ती दोघांनीही पाळली.

घात केला तो उचलीने. या कारखान्यात उचल मिळते ती एका पगाराइतकी, त्यावर दमडी नाही. ताईने लेकीच्या प्रवेशासाठी एकदा अशी उचल घेतली होती. लंबूला नवी खोली भाड्याने घ्यायची होती आणि तिची अनामत भरायची होती. मालकांच्या केबिनमधून तो खुशीत बाहेर आला.

“ताई, सगळीच्या सगळी मिळाली! पूर्ण एक पगार! जरा मोजून द्या ना. मी मोजलं की दर वेळी वेगळंच येतं.”

ताईने मोजले. नोटा तिच्या अंगठ्याखालून सरकत राहिल्या. तिचा स्वतःचा पगार जिथे संपतो ती जागा आली, आणि गड्डी अजून जवळजवळ तेवढीच शिल्लक होती. तिने शेवटपर्यंत मोजून गड्डी त्याच्या हातात ठेवली.

“बरोबर आहेत?” लंबूने विचारलं.

“तुझे बरोबर आहेत,” ताई म्हणाली.

घरी तिच्या सासूबाई दाराशीच बसल्या होत्या. त्या एका दवाखान्यात आयाचं काम करून निवृत्त झालेल्या. डॉक्टरांना झोपेतून उठवण्याची सवय असल्याने त्यांचा आवाज अजून खाली आलेला नाही.

“दार आपटायला काय झालं? दाराने काय घोडं मारलं तुझं?”

ताईने सगळं सांगितलं. तिचा नवरा बसच्या डेपोत मेकॅनिक आहे. तो हात धूत होता, तिथूनच म्हणाला, “जाऊ दे ना. सगळीकडे असंच असतं. उगाच बोलायला जाशील आणि हातचंही घालवशील.”

“तू गप्प बस,” सासूबाई म्हणाल्या. “शेजारच्या फिटरला एक सुट्टी जास्त मिळाली तर आठवडाभर जेवला नव्हतास.”

“जेवत होतो की.”

“जेवत होतास, पण बडबडत.” मग त्या सुनेकडे वळल्या. “उद्या जा त्या मालकाकडे. पण हात पसरू नकोस, बोट दाखव.”

दुसऱ्या दिवशी ताई केबिनमध्ये गेली. मालकांनी खुर्ची पुढे केली. ती बसली नाही. लंबूला माझ्या जवळजवळ दुप्पट पगार का, असं तिने उभ्यानेच विचारलं.

“लंबूने सांगितलं का?” हा त्यांचा पहिला प्रश्न.

“त्याने तोंड उघडलं नाही. नोटा मोजायला दिल्या.”

“अहो ताई, तुम्ही तर घरचं माणूस.”

“मग घरच्यांच्या ताटात बाहेरच्यांपेक्षा कमी का वाढता?”

“तसं नाही. त्याला घर चालवायचंय.”

“आणि माझं घर काय उतारावर आहे, आपोआप चालायला?”

मालक हसले. ते वाईट बोलत नाहीत. वाईट गोष्ट चांगल्या शब्दांत बोलतात. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि शांतपणे समजावलं. “कटरला पगार कात्रीचा नसतो, जोखमीचा असतो. कापड बिघडलं तर त्याच्या खिशाला चाट बसते. तुमच्या डोक्यावर तसलं काही आहे का? तुम्ही मदतनीस. उद्या काही बिघडलं तर मी तुमच्याकडे एक पैसा तरी मागेन का?”

“माझ्या हातून आजवर काही बिघडलं नाही.”

“नाही ना? मग जोखीम आली कुठून?”

या प्रश्नाचं उत्तर तिला सुचलं नाही. पगाराचा राग एक वेळ गिळता आला असता. हा प्रश्न गिळता येईना. इस्त्रीवाल्या मावशींना ती त्या दिवशी दुपारी म्हणाली, “कटरचा पगार घेतल्याशिवाय आता मी या टेबलावरून हटत नाही.” मावशींनी इस्त्रीवर पाणी शिंपडलं, ते चर्रकन उडालं. “ऐकलं बरं का इस्त्रीने,” त्या म्हणाल्या.

त्याच आठवड्यात एका शाळेच्या सभागृहाचा पडदा टेबलावर आला. गडद लाल मखमल. मखमलीला लव असते. एका दिशेने हात फिरवला तर गुळगुळीत लागते, उलट फिरवला तर अडते. पडद्याचे सगळे पट्टे एकाच दिशेने लटकले पाहिजेत. एखादा उलटा लटकला तर दिव्याखाली त्याचा रंग वेगळा दिसतो. म्हणून कापण्याआधी प्रत्येक पट्ट्याच्या मागच्या बाजूला खडूने बाण काढतात. मास्तरांच्या हाताखाली शिकलेली माणसं बाणाचं टोक पडद्याच्या वरच्या काठाकडे ठेवतात. लंबू जिथे शिकला तिथे ते खालच्या काठाकडे ठेवत. दोघं आपापलं कापड आपणच आखून कापत असल्याने हा फरक कधी कुणाच्या लक्षातच आला नव्हता.

या वेळी लंबूने सगळे पट्टे आखले, निम्मे कापले आणि नव्या खोलीत सामान हलवायला अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन गेला. उरलेले ताईने घेतले. तिने त्याचे बाण आपल्या पद्धतीने वाचले, खालचा काठ वरचा समजून पट्टे कापले आणि त्या काठाला कड्या बसवण्यासाठी भोकं पाडली. एरवी ती कात्री लावण्याआधी कापडाखाली तळहात घालून लव बघते. त्या दिवशी बघितली नाही. डोक्यात जोखमीचा प्रश्न फिरत होता.

शिलाई झाली. मागच्या खोलीत छताजवळ एक आडवा पाईप आहे. पडदा त्यावर टांगून दिवे लावून पाहतात. दिवे लागले आणि मशिनं एकेक करून थांबली. अर्धा पडदा गडद लाल होता, अर्धा फिका, जुनाट.

“एकाच पडद्यात दोन ऋतू,” मावशी म्हणाल्या.

उलटवायचे म्हटले तर भोकं खालच्या काठाला जाणार. भोकांचा काठ कापून टाकावा तर पडदा आखूड होणार आणि त्यामागे उभ्या असलेल्या सगळ्यांच्या चपला प्रेक्षकांना दिसणार. निम्मं कापड वाया गेलं होतं.

मालक आले. त्यांनी पडदा पाहिला, मागची बाजू उलटून बाण पाहिले.

“बाण कुणाचे?”

“माझे,” लंबू म्हणाला.

“कटर कोण?”

“मी.”

“मग झालं तर. अर्धी किंमत तुझ्या पगारातून.”

लंबूचा चेहरा कोऱ्या अस्तरासारखा झाला. “मालक, माझी उचल आहे अजून. कालच अनामत भरली. मी इथे नव्हतोसुद्धा…”

“उचल वेगळी, दंड वेगळा.” मग मालक ताईकडे वळले आणि त्यांचा आवाज मऊ झाला. “अहो ताई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुमची काय चूक? तुम्ही मदतनीस. त्याने दाखवलं तिथे कापलंत.”

त्यांच्या तोंडून निघालेलं हे बहुधा सगळ्यात उदार वाक्य असेल. ताईला ते थपडेसारखं लागलं.

“भोकं कुणी पाडली?” तिने विचारलं.

“असू दे हो.”

“असू दे नाही. कात्री कुणाच्या हातात होती?” हे तिने मालकांना नव्हे, खोलीला विचारलं. “इथला नियम काय आहे? बाण ज्याचा, चूक त्याची?”

“कात्री ज्याची,” मावशी मागून म्हणाल्या.

“मावशी, तू इस्त्री बघ,” मालक म्हणाले.

“बघतेच आहे की. कानांना कुठे इस्त्री करायचीय?”

ताई पुढे आली. “वड्याचं तेल वांग्यावर काढू नका. कात्री माझ्या हातात होती, चूक माझी आहे. दंड माझ्याकडून घ्या.”

“मी माफ केला म्हणतोय ना!”

“माफी मदतनिसाला असते. मला दंड हवाय. कटरचा दंड, कटरच्या पगारातून.”

खोलीत हसू पिकलं, पण ते लगेच थांबलं, कारण मालकांना आता सगळा डाव दिसल्यासारखं वाटलं. त्यांनी बोट उगारलं. “अच्छा! म्हणजे हे मुद्दाम केलंत तुम्ही.”

तिथे होते ते सगळे सांगतात की ताईचा आवाज चढला नाही, उतरला. “मालक, पगार कमी दिलात त्याचं भांडण मी भांडेन. पण मी मुद्दाम वाकडं कापलं असं पुन्हा म्हणू नका. मी लव बघितली नाही. मास्तर असते तर त्यांनी माझ्या बोटांवर टेप मारला असता. ही चूक माझी आहे, आणि ती मी ना लंबूला देणार, ना तुम्हाला.”

एवढं बोलून तिने मास्तरांची कात्री खिळ्यावर लटकवली, कोपऱ्यातला झाडू घेतला आणि टेबलाखालची कातरण झाडू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या मखमलीचा तागा आला. शाळेचा कार्यक्रम तोंडावर होता. ताई वेळेवर आली, टेबलाच्या टोकाशी उभी राहिली आणि लंबूला म्हणाली, “बोला कटरसाहेब, कापड कुठून धरू?”

“ताई, असं नका ना करू.”

“मदतनीस कात्रीला हात लावत नाही. धरू का इथून?”

तिने कापड धरलं. मदतनिसाने धरावं तितकं चोख धरलं. लंबू सांगेल तेच केलं, सांगितलं नाही ते केलं नाही. तो प्रत्येक पट्ट्याला तीनतीनदा लव बघत होता आणि तरी कापायला धजावत नव्हता. मालक टेबलाभोवती घिरट्या घालत होते. दुपारी त्यांनी ताईला बाजूला घेऊन थोड्या वाढीची गोष्ट काढली. बोनस म्हणून, कुणाला न सांगता. “दुधाची तहान ताकावर नको,” ती म्हणाली आणि परत टेबलाच्या टोकाशी जाऊन उभी राहिली.

दिवस कलला तरी पट्ट्यांचा ढीग हातभरसुद्धा वाढला नव्हता. शेवटी लंबूनेच कात्री खाली ठेवली.

“मालक, हे मला एकट्याला जमणार नाही. मी घाबरून बोलत नाहीये. म्हणजे, घाबरलो आहेच. पण ते वेगळं.”

शिलाईच्या खोलीत हसण्याची लाट आली. मालक हसले नाहीत. त्यांनी मखमलीवरून उगाच हात फिरवला, आधी सुलट, मग उलट.

“अहो ताई,” ते म्हणाले, “दंड किती हप्त्यांत कापू?”

मालकांनी हो म्हटलं ते एवढंच. मशिनवरच्या बायकांना ते बरोबर कळलं, कारण मशिनं पुन्हा थांबली.

“कुठला पगार धरून?” ताईने विचारलं.

“लंबूचा धरून.”

“तीन हप्त्यांत.”

“अहो, जड जाईल. वर्षभरात कापतो की.”

“वर्षभर कापलंत तर वर्षभर ऐकवाल. तीन.”

तिने झाडू कोपऱ्यात ठेवला, हात धुतले आणि खिळ्यावरून कात्री काढली. पडदा वेळेवर गेला. त्यानंतर त्या टेबलावर बाणाचं टोक वरच्याच काठाकडे असतं. लंबूने स्वतःची सवय मोडली. त्याने निम्मा दंड आपण भरू असंही सुचवलं होतं. ताई म्हणाली, “तुझी चूक तू कर की स्वतंत्र. माझ्यात भागी कशाला?”

पहिल्या पगाराच्या दिवशी घरी नवऱ्याने पाकीट उघडलं, मोजलं आणि तो पुन्हा मोजायला लागला.

“अगं, हे तर मागच्या महिन्यापेक्षा कमी आहेत!”

“हो.”

“म्हणजे भांडून, बढती घेऊन, कमी पैसे आणलेस? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.”

“कमी आले,” ताई म्हणाली, “पण कटरचे आले.”

“आण इकडे,” सासूबाईंनी पाकीट घेतलं आणि न मोजताच उशीखाली ठेवलं. “तीन महिने घरात हात आखडून राहू. मग बघू कोण हसतंय.”

ते तीन महिने सोपे गेले नाहीत. लेकीच्या हॉस्टेलचे पैसे उशिरा गेले, नवऱ्याने डेपोत जादा पाळ्या केल्या आणि त्याबद्दल तो सविस्तर बडबडला. चौथ्या महिन्यात पूर्ण पगार आला. त्या दिवशी ताई पाकीट घेऊन केबिनमधून बाहेर पडली नाही. ती खुर्चीवर बसली, या वेळी न सांगता.

“आता काय?” मालकांनी विचारलं.

“मागच्या वर्षांचं. मास्तर गेल्यापासून मी कापतेय. तो फरक राहिला.”

“अहो ताई, त्या वर्षांत तुमच्यावर जोखीम कुठे होती? एकदा तरी दंड भरलात का?”

हा प्रश्न तिच्या ओळखीचा होता. या वेळी उत्तर तयार होतं.

“जोखीम रोजच होती, मालक. चूक नव्हती.”

मालकांनी चष्मा काढला, पुसला आणि पुढच्या महिन्यात बघू म्हणाले. तो फरक त्यांनी अजून दिलेला नाही. ताई दर पगाराच्या दिवशी केबिनमध्ये जाते, खुर्चीवर बसते आणि तेवढंच विचारते. हल्ली ती दाराशी दिसली की मालक चष्मा आधीच काढून ठेवतात. परवा तिच्या मागोमाग मावशीही आत गेल्या. इस्त्रीचे चटके ही जोखीम धरतात का, एवढंच त्यांना विचारायचं होतं.